कडक साहेब, मवाळ साहेब

(आकाशवाणीवर दिलेल्या भाषणाचं संपादित रूप)

गेल्या दिवाळीत माझा भाचा घरी आला होता. हिंजवडीतल्या एका कंपनीत नोकरीला आहे. नुकतंच त्याला टीम लीडर केलं होतं. कालपर्यंत ज्या अकरा जणांबरोबर कॅन्टीनमध्ये बसून हा साहेबाच्या नकला करायचा, त्याच अकरा जणांचा आता हा साहेब. फराळाची बशी पुढ्यात ओढत त्यानं विचारलं, "मामा, तू पस्तीस वर्षं कारखान्यात माणसं सांभाळलीस. मला एकच सांग. कडक राहू की मवाळ?"

मी म्हटलं, "आधी चिवडा खा." उत्तर सुचत नसलं की वडीलधारी माणसं असंच काहीतरी म्हणतात.

वरच्या जागेवर बसलेल्या प्रत्येकाला पहिल्या आठवड्यात हा प्रश्न पडतो. शाळेच्या नव्या मुख्याध्यापकाला पडतो, बँकेच्या शाखाधिकाऱ्याला पडतो आणि चार बायकांना हाताशी घेऊन पोळीभाजीचे डबे सुरू करणाऱ्या गृहिणीलाही पडतो. मला तो १९८३ साली पडला. पिंपरी-चिंचवड पट्ट्यातल्या एका मध्यम आकाराच्या कारखान्यात मला प्रेस शॉपचा प्रमुख केलं तेव्हा मी एकतीस वर्षांचा होतो. हाताखाली साठ माणसं, त्यातली निम्मी माझ्यापेक्षा वयानं मोठी. मी फार विचार केला नाही. कडक राहायचं ठरवलं. त्या निर्णयाची किंमत पुढे दुसऱ्याच कुणीतरी मोजली. ती हकीकत सांगणार आहे, पण त्याआधी पुस्तकं याबद्दल काय म्हणतात ते पाहू.

व्यवस्थापनाच्या बहुतेक पुस्तकांत नेतृत्वाच्या पद्धतींची गोष्ट सुरू होते ती कारखान्यात नव्हे, तर दहा-अकरा वर्षांच्या मुलांच्या छंदवर्गात. कुर्ट लेविन हे मूळचे जर्मन मानसशास्त्रज्ञ. ज्यू असल्यामुळे हिटलर सत्तेवर आल्यावर, १९३३ मध्ये त्यांनी जर्मनी सोडली आणि ते अमेरिकेत गेले. हुकूमशाहीत माणसाचं काय होतं हा त्यांच्यासाठी परीक्षेचा प्रश्न नव्हता, अंगावर आलेला अनुभव होता. आयोवा विद्यापीठात त्यांनी रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट या सहकाऱ्यांबरोबर मुलांचे छोटे गट केले. मुखवटे बनवणं वगैरे कामं त्यांना दिली आणि प्रत्येक गटावर एक मोठा माणूस नेमला. एक नेता हुकूम सोडणारा होता. काय करायचं, कुणी करायचं, सगळं तोच ठरवणार. दुसरा मुलांना विचारून, चर्चा करून, त्यांच्यात मिसळून काम करणारा. १९३९ मध्ये या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

तिसरा प्रकार मात्र ठरवून आलेला नव्हता. सल्लामसलतीनं गट चालवायची भूमिका असलेल्या व्हाइट यांनी मुलांना इतकं मोकळं सोडलं की ते नुसते बाजूला उभेच राहिले. लेविन यांनी ते पाहिलं आणि चूक म्हणून टाकून देण्याऐवजी तिसरी पद्धत म्हणून नोंदवलं. 'चालू द्या' पद्धत म्हणा हवं तर. आपल्याकडे अशा साहेबांची वानवा नाही.

निकाल वाचण्यासारखे आहेत. हुकूमशाही गटात काम झालं नाही असं मुळीच नाही. नेता समोर असताना भरपूर काम झालं. पण तो खोलीबाहेर गेला की हात थंडावत. चर्चेनं चालणाऱ्या गटात नेता बाहेर गेला तरी काम बऱ्यापैकी तसंच चालू राही. हुकूमशाही गटातली मुलं नेत्यावरचा राग नेत्यावर काढत नसत, आपल्यातल्याच एखाद्या मुलावर काढत. 'चालू द्या' गटात कामही यथातथाच आणि समाधानही नाही. वीसपैकी एकोणीस मुलांनी सांगितलं की आम्हाला हुकूम सोडणाऱ्यापेक्षा विचारून काम करणारा नेता आवडला. उरलेला विसावा मुलगा लष्करी अधिकाऱ्याचा होता. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्या विसाव्या मुलाबद्दल मला फार आपुलकी वाटली होती, कारण तेव्हा मीही त्याच्याच पक्षाचा होतो.

पुढे १९६० मध्ये डग्लस मॅकग्रेगर या प्राध्यापकांनी या सगळ्याला वेगळ्या बाजूनं हात घातला. त्यांचं म्हणणं असं की साहेब कडक आहे की मवाळ, यापेक्षा तो माणसांबद्दल मनात काय धरून बसलाय ते पाहा. माणूस मुळात कामचुकार आहे, त्याला हाकलल्याशिवाय तो हलत नाही, असं मानणारे काही साहेब. त्याला त्यांनी 'एक्स' असं नाव दिलं. माणसाला योग्य परिस्थिती मिळाली तर तो आपणहून जबाबदारी घेतो, असं मानणारे दुसरे. ते 'वाय'. यातली मेख अशी की दोघांनाही आपलंच खरं ठरताना दिसतं. तुम्ही माणसाला चोर समजून वागवलंत की तो तुमच्यापासून गोष्टी लपवायला लागतो, आणि मग तुम्ही म्हणता, पाहा, मी म्हणत नव्हतो?

आता माझी हकीकत.

प्रेस शॉप म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. पोलादी पत्र्याचा तुकडा डायवर ठेवायचा, पायानं पेडल दाबायचं, वरून कित्येक टन जोराचा घाव येतो आणि पत्र्याचा भाग तयार होतो. तो काढायचा, नवीन तुकडा ठेवायचा. एका पाळीत हे हजारो वेळा. पेडल एकदा दाबलं की घाव एकदाच यायला हवा आणि वर जाऊन थांबायला हवा. पण क्लचचा भाग झिजला किंवा स्प्रिंग तुटली की प्रेस कधीकधी न सांगता दुसरा घाव घालते. आम्ही म्हणायचो, प्रेस डबल मारते. त्या क्षणी तुमचा हात कुठे आहे, एवढाच प्रश्न उरतो.

माझी पद्धत साधी होती. सकाळी आठला फळ्यावर आकडा लिहायचा, संध्याकाळी तो पुरा झालेला पाहिजे. प्रेस बंद राहिली तर कारण विचारायच्या आधी मी आवाज चढवायचो. "कारणं नकोत, पीस मोजून दाखवा," हे माझं पेटंट वाक्य होतं. तीन वर्षं आकडे चढते राहिले. मला बढतीची आशा वाटू लागली. शॉप किती शांत चालतंय असं पाहुणे म्हणायचे, आणि मला ते कौतुक वाटायचं.

१९८६ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. एका मंगळवारी आमच्या चार्जहँडनं एक प्रेस दोन तास बंद ठेवली म्हणून मी त्याला सगळ्यांसमोर फैलावर घेतलं. गुरुवारी दुसऱ्याच एका प्रेसवर काम करणाऱ्या एका ज्येष्ठ ऑपरेटरच्या, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, लक्षात आलं की प्रेसनं दोनदा डबल मारलाय. त्यांनी ते चार्जहँडला सांगितलं. चार्जहँड माझ्या केबिनच्या दारापर्यंत आला. मी फोनवर होतो. तो दारातूनच परत गेला. शुक्रवारी सकाळी साडेनऊच्या सुमाराला प्रेसनं तिसऱ्यांदा डबल मारला तेव्हा अण्णांचा उजवा हात डायमध्ये होता. दोन बोटं गेली.

चौकशी झाली. अहवालात लिहिलं होतं, पीस काढायला चिमटा न वापरता हात वापरला, ऑपरेटरचा निष्काळजीपणा. चिमट्यानं काम केलं तर फळ्यावरचा आकडा पुरा होत नव्हता, हे शॉपमधल्या प्रत्येकाला माहीत होतं. मलाही माहीत होतं. अहवालावर माझी सही आहे.

महिन्याभरानं चार्जहँडनं मला ती दारातून परत गेल्याची गोष्ट सांगितली. आवाजात तक्रार नव्हती. "तुम्ही चिडाल असं वाटलं साहेब," एवढंच म्हणाला.

इथे मला आणखी एका व्यक्तीबद्दल सांगायला हवं, कारण नाहीतर ही गोष्ट 'कडक साहेब वाईट' एवढ्यावरच थांबेल. माझ्या वरचे जे साहेब होते ते अतिशय सज्जन गृहस्थ. कुणाला कधी अरेतुरे केलं नाही. कामगारांच्या घरच्या लग्नाला आवर्जून जात. सगळ्या कारखान्यात त्यांच्याइतकं लोकप्रिय कुणी नव्हतं. पायाचं पेडल काढून दोन्ही हातांनी दाबायची बटणं बसवावीत, म्हणजे प्रेस चालवताना दोन्ही हात डायबाहेर राहतील, असा एक प्रस्ताव मी त्यांच्याकडे पाठवला होता. ते म्हणाले, "चांगलं आहे, बघू या." अकरा महिने ते बघत होते. नाही म्हणाले नाहीत, हो म्हणाले नाहीत. मीही पाठपुरावा केला नाही, कारण बटणं बसवायची तर प्रेस काही दिवस बंद ठेवावी लागली असती. अण्णांची बोटं माझ्या ओरडण्यानं जेवढी गेली तेवढीच त्यांच्या गोड बोलण्यानं गेली. त्यांच्या निरोपसमारंभात लोक रडले. माझ्या बदलीच्या वेळी कुणी रडलं नाही, आणि ते बरोबरच होतं, पण हिशेब मात्र दोघांच्या नावावर होता.

त्यानंतर बरीच वर्षं मी वाचत राहिलो, आणि मला जे उदाहरण सर्वांत जास्त शिकवून गेलं ते अमेरिकेतलं आहे. कॅलिफोर्नियात फ्रीमाँट नावाच्या गावी जनरल मोटर्सचा मोटारींचा कारखाना होता. कंपनीच्या सगळ्यात वाईट कारखान्यांत त्याची गणना होई. वीस टक्क्यांच्या आसपास गैरहजेरी, दारू, संप, तक्रारींचा ढीग. तिथला एक अलिखित नियम होता, काहीही झालं तरी असेंब्लीची लाइन थांबवायची नाही. चुकीचं इंजिन बसलं तरी गाडी पुढे जाऊ द्यायची, नंतर अंगणात दुरुस्त करू. लाइन थांबवणाऱ्याची नोकरी धोक्यात. १९८२ मध्ये कंपनीनं कारखानाच बंद केला.

दोन वर्षांनी, १९८४ मध्ये, जपानच्या टोयोटा कंपनीनं जनरल मोटर्सबरोबर भागीदारीत तोच कारखाना पुन्हा सुरू केला. 'नुमी' असं त्याचं नाव. घेतलेल्या कामगारांत बहुसंख्य जुनेच होते, युनियनही तीच. त्यांतल्या अनेकांना टोयोटानं जपानमधल्या ताकाओका कारखान्यात काम पाहायला पाठवलं. परत आल्यावर प्रत्येकाच्या डोक्यावर एक दोरी होती. काही चुकतंय असं वाटलं, की ओढायची. ओढली की दिवा लागतो, घंटी वाजते आणि गटाचा म्होरक्या धावत येतो. ठरावीक खुणेपर्यंत गाडी पोचण्याच्या आत अडचण सुटली नाही तर लाइन थांबते. सगळीच्या सगळी. आणि दोरी ओढणाऱ्याला कुणी ओरडत नाही.

दोन वर्षांच्या आत या कारखान्याचा दर्जा टोयोटाच्या जपानमधल्या कारखान्याच्या जवळ आला. गैरहजेरी दोन-तीन टक्क्यांवर उतरली. माणसं तीच, छप्पर तेच.

हे वाचून मला वाटलं, झालं, सापडलं उत्तर. मवाळ व्हा, माणसांवर विश्वास टाका. पण जरा खोलात गेल्यावर कळलं की टोयोटाची पद्धत मवाळ मुळीच नाही. तिथे कामगारानं कोणता नट कोणत्या हातानं, कोणत्या क्रमानं, किती सेकंदांत बसवायचा हे लिहून ठेवलेलं असतं. त्या बाबतीत टोयोटा माझ्या दसपट कडक. फरक एवढाच, की तो लिहिलेला क्रम बदलून अधिक चांगला करायचा अधिकार काम करणाऱ्या माणसांनाच होता. त्यांनी एक शब्दही पाळून दाखवला. १९८० च्या दशकाच्या शेवटी गाड्यांची मागणी घसरली तेव्हा कंपनीनं माणसं घरी पाठवली नाहीत, रिकाम्या वेळात त्यांना प्रशिक्षण दिलं. हे झाल्यावर दोरी ओढताना हात कशाला थरथरेल? जनरल मोटर्सनं हीच दोरी आपल्या दुसऱ्या कारखान्यांत बसवायचा प्रयत्न केला. दोरी बसली, पण ती ओढल्यावर धावत येणारा आणि न रागावणारा माणूस तिच्याबरोबर आला नाही. नुमी २०१० पर्यंत चाललं. भागीदारी संपल्यावर ती जागा टेस्लानं घेतली, आणि तिथे आज विजेवरच्या मोटारी बनतात.

आपल्याकडच्या उद्योगांत डोकावलं तर नमुने भरपूर आहेत. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळरानावर वसाहत उभी केली, तेव्हा तिथे निवडुंग आणि साप याखेरीज काही नव्हतं. जवळच्या रेल्वे स्टेशनचं कुंडल रोड हे नाव पुढे किर्लोस्करवाडी झालं, यावरून काय ते समजा. शाळा अर्धवट सोडलेल्या माणसांवर त्यांनी मोठ्या जबाबदाऱ्या टाकल्या, तुरुंगातून सुटून आलेल्यांना पहाऱ्यावर ठेवलं. विश्वास टाकण्याच्या बाबतीत हा माणूस आजच्या पुस्तकांच्या कितीतरी पुढे होता. पण ते नेतृत्व घरच्या कर्त्या पुरुषाचं होतं. नोकरी, घर, आरोग्य, करमणूक, सगळं एकाच हातातून येणारं. अशा घरात वडील थोर असले तर स्वर्ग. मात्र वडिलांशी मतभेद झाला तर माणूस नोकरीबरोबर गावालाही मुकणार, ही भीती अशा प्रत्येक वसाहतीत दडलेली असते.

याच्या अगदी उलट टोक म्हणजे लिज्जत पापड. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती महिलांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्यातल्या जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. तिथे लाटणारी प्रत्येक बहीण मालक. निर्णय सर्वसंमतीनं. पुस्तकी भाषेत ही लोकशाही पद्धत. पण पापडाच्या बाबतीत तिथे लोकशाही नाही बरं का! पीठ ठरलेल्या मापाचं, घर स्वच्छ पाहिजे, पापड ठरलेल्या आकाराचा आणि वाळलेला पाहिजे. नाहीतर परत. बहीण मालक असली तरी परत.

आणि जे. आर. डी. टाटा. त्यांचं नाव घेतल्याशिवाय नेतृत्वावरचं भाषण पुरं होत नाही, पण ते ज्या कारणासाठी घेतलं जातं त्यापेक्षा मला त्यांच्यातली विसंगती जास्त बोलकी वाटते. १९३८ मध्ये, चौतिसाव्या वर्षी, ते टाटा समूहाचे अध्यक्ष झाले ते १९९१ पर्यंत. त्यांच्याकडे इंजिनिअरिंगची पदवी नव्हती, आणि ते हे मोकळेपणानं सांगत. म्हणून त्यांनी आपल्याहून जास्त जाणणारी माणसं निवडली आणि त्यांना मोकळं सोडलं. टेल्कोत सुमंत मुळगावकर, टाटा केमिकल्समध्ये दरबारी सेठ, टिस्कोत रूसी मोदी. हे एकाहून एक तऱ्हेवाईक आणि समर्थ. प्रत्येकाच्या स्वभावाप्रमाणे आपण स्वतःला मुरड घालतो, असं जे. आर. डी. सांगत. पुण्यातला टेल्कोचा कारखाना, तिथली झाडी आणि तळं पाहिलेल्यांना मुळगावकरांना किती मोकळीक होती हे सांगावं लागणार नाही.

हेच जे. आर. डी. एअर इंडियाच्या विमानात बसले की वेगळे होत. प्रवास संपला की टिपणं लिहीत. चहाचा रंग कॉफीसारखा होता, अमुक ठिकाणी धूळ होती, पडदा नीट नव्हता, कर्मचाऱ्याचा पोशाख असा होता. पोलादाच्या कारखान्यात हात न घालणारा माणूस विमानातल्या चहाच्या किटलीत डोकावत होता! एकाच माणसाच्या दोन पद्धती. याचं साधं कारण मला असं दिसतं की विमानसेवा त्यांना स्वतःला कळत होती. १९३२ मध्ये कराचीहून मुंबईला टपालाचं पहिलं विमान त्यांनीच चालवत आणलं होतं. शिवाय विमान कंपनी नवी होती, माणसं शिकत होती. शिकणाऱ्याला बारीकसारीक सांगावं लागतं, निष्णाताला सांगितलेलं खपत नाही. पॉल हर्सी आणि केन ब्लँचर्ड या दोघांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस जवळपास हाच सिद्धांत मांडला. आपल्या घरातल्या सासूबाईंना तो आधीपासून ठाऊक आहे. नव्या सुनेला पुरणाचं प्रमाण सांगावं लागतं. दहाव्या वर्षी सांगितलं तर भांडण होतं.

मोकळं सोडण्याचीही किंमत असतेच. टाटा कंपन्यांचे ते मोठे प्रमुख आपापल्या राज्यांचे सुभेदार होऊन बसले होते. १९९१ मध्ये रतन टाटा अध्यक्ष झाल्यावर त्यांची पहिली काही वर्षं या सुभ्यांना पुन्हा एका छत्राखाली आणण्यात गेली. रूसी मोदी १९९३ मध्ये टिस्कोतून गेले, ते गाजावाजा होऊन. ज्यानं मोकळीक दिली त्याला दुवा मिळाला आणि ज्यानं लगाम आवळला त्याला वाईटपणा. वारसदारांच्या वाट्याला हे येतंच.

अपघातानंतर मी स्वतः काय केलं, हेही सांगायला हवं. मी दुसऱ्या टोकाला गेलो. दुसऱ्या खात्यात बदली झाल्यावर मी प्रत्येक गोष्टीत सगळ्यांचं मत विचारायला लागलो. पाळ्यांचं वेळापत्रक ठरवायला तीन बैठका. सुट्टीच्या याद्या करायला दोन. एकदा भट्टीच्या बाजूला तेलानं पेट घेतला, आणि मी खरोखरच दोन फोरमनना विचारलं, काय करावं असं वाटतं तुम्हाला? त्यातला वयस्क फोरमन माझ्यावर ओरडला, "साहेब, व्हॉल्व्ह बंद करा आणि माणसं बाहेर काढा!" मी तसं केलं. पाच मिनिटांत आग आटोक्यात आली. आग लागली की बैठक घ्यायची नसते, एवढं शहाणपण यायला मला पस्तीस वर्षांचं वय गाठावं लागलं. शिवाय माझ्या त्या विचारण्यात विश्वासापेक्षा धास्तीच जास्त होती. पुन्हा काही झालं तर ते सगळ्यांनी मिळून ठरवलेलं असावं, माझ्या एकट्याच्या डोक्यावर येऊ नये. लोकांना हे कळत होतं. साहेब विचारतोय की अंग काढून घेतोय, हे लोकांना कळायला वेळ लागत नाही.

मग हळूहळू मी दोन वेगवेगळ्या गोष्टी वेगळ्या ओळखायला शिकलो. कामाच्या बाबतीत कडक राहायचं: चिमटा म्हणजे चिमटा, आकडा पुरा झाला नाही तरी चालेल. आणि बातमीच्या बाबतीत दार उघडं ठेवायचं. वाईट बातमी घेऊन आलेल्या माणसाला आधी बसायला सांगायचं. हे लिहायला एक ओळ लागते. अंगी बाणवायला मला सात-आठ वर्षं लागली, आणि तरीही अधूनमधून जुना आवाज तोंडातून निघायचाच.

अण्णांना नंतर स्टोअरमध्ये काम दिलं. ते निवृत्त होऊन गावी, जुन्नरकडे गेले. मी निवृत्त झाल्यावर एकदा त्यांच्या घरी गेलो. ओसरीवर बसलो, चहा झाला. त्यांनी उजव्याच हातानं कप पुढे केला. मी म्हटलं, "अण्णा, तो अहवाल खोटा होता. सही माझी होती." ते म्हणाले, "माहीत आहे साहेब. आम्ही वाचला होता." थोड्या वेळानं त्यांनीच विचारलं, "त्या दिवशी मी स्वतःच प्रेस बंद केली असती, तर तुम्ही काय केलं असतं?"

मी म्हणालो, "ओरडलो असतो. बहुतेक मेमो दिला असता."

ते म्हणाले, "मलाही तसंच वाटलं होतं. म्हणून नाही केली." मग त्यांनी कांद्याच्या भावाचा विषय काढला.

भाच्याला मी ही सगळी हकीकत सांगितली. त्याचा चिवडा संपला होता. तो म्हणाला, "आमच्याकडे कुणाची बोटं जात नाहीत, मामा." मी म्हटलं, "बरोबर. पण शेवटची वाईट बातमी तुझ्याकडे कुणी, केव्हा आणली? आणि तू पहिलं वाक्य काय बोललास?" त्यानं बराच वेळ आठवून पाहिलं. लीडर झाल्यापासून पाच आठवड्यांत त्याच्याकडे एकही वाईट बातमी आली नव्हती. अकरा माणसं, पाच आठवडे, आणि एकही चूक नाही.

गेल्या महिन्यात त्याचा फोन आला होता. रोज सकाळच्या बैठकीत तो आता आपलीच आदल्या दिवशीची एखादी चूक आधी सांगतो. पहिले दोन आठवडे कुणी काही बोललं नाही. तिसऱ्या आठवड्यात एक नवी मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, ग्राहकाला सोमवारी द्यायचं काम सोमवारी होणार नाही. तो म्हणाला, "मामा, मला इतका राग आला होता ना!" मी विचारलं, "मग?" "मग काय, तिला बसायला सांगितलं. काम बुधवारी दिलं. माझ्या साहेबानं मला झापलं." त्याच्या साहेबाशी काय करायचं, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आणि तसं मी त्याला सांगितलं.